वास्तुशिल्पी अच्युत कानविंदे

मालवणच्या उत्तरेस सागरकिनाऱ्यालगत आचरे नावाचे गाव आहे. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. परंतु १९८१ च्या मे महिन्यात तो जिल्हा वेगळा होईपर्यंत आचऱ्याची गणना रत्नागिरी जिल्ह्यातच होत असे. माडांच्या आगरांतून वळत जाणाऱ्या पाणंदी, त्यांच्या दोन्ही अंगांस जांभ्या दगडांचे गडगे, खाडीवरून येणारा खारा वारा आणि श्रीरामेश्वराचे देऊळ अशी या गावाची ओळख सांगता येईल. या गावाची एक प्रथा मात्र दूरवर प्रसिद्ध आहे. काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल मिळाला, की सारे गाव घरेदारे बंद करून, गुरेढोरे बरोबर घेऊन वेशीबाहेर पडते आणि तीन दिवस, तीन रात्री रानात राहते. हिला गावपळण म्हणतात. चार खांब आणि झावळ्यांचे छप्पर एवढ्या सामग्रीवर तेथे भराभर झोपड्या उभ्या राहतात. माणसाला राहण्यासाठी खरोखर किती लागते आणि कशावाचून त्याचे अडत नाही, हे आचऱ्याच्या मुलांना त्या तीन दिवसांत कळून येते. पुष्कळांना ते कळण्यासाठी विद्यापीठाची पदवी घ्यावी लागते, आणि घेऊनही सर्वांनाच ते कळते असे नाही.

या गावी १९१६ साली अच्युत कानविंदे यांचा जन्म झाला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या पिढीतील श्रेष्ठ वास्तुशिल्प्यांत त्यांचे नाव घेतले जाते. प्रयोगशाळा, विद्यापीठे, दुग्धालये आणि विज्ञानकेंद्रे अशा, पूर्वी आपल्या देशात फारशा नसलेल्या कितीतरी प्रकारच्या इमारतींना त्यांनी रूप दिले.

कोकणातील घर हे एक मोठे शहाणपणाचे काम आहे. वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, म्हणून छप्पर दोन्हीकडे तीव्र उताराचे; पाणी भिंतीवर येऊ नये, म्हणून वासे भिंतीच्या बाहेर हात-दोन हात काढलेले. पागोळ्या अंगणात पडतात आणि पडवीत बसलेला माणूस कोरडा राहतो. भिंती जांभ्याच्या, कारण जांभा पायाखालीच मिळतो. खाणीतून ताजा काढला तेव्हा तो मऊ असतो आणि वारा लागला की टणक होतो. स्वयंपाकघरातील धूर कौलांच्या फटींतून वर निघून जातो; त्यासाठी वेगळे धुराडे बांधावे लागत नाही. या घराचा नकाशा कोणी कागदावर काढलेला नसतो. ऊन, पाऊस आणि वारा यांनीच तो पिढ्यान्‌पिढ्या काढलेला असतो. कानविंदे यांच्या पुढील आयुष्याचा विचार करताना हे घर ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण या घरापासून ते फार लांब गेले आणि ज्या वाटेने तेथे परतले, ती वाट पुष्कळ वळणांची होती.

अच्युत दोन वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक होते. व्यक्तिचित्रे आणि निसर्गदृश्ये रंगविण्यात त्यांचा हात चांगला चाले. घर मोठ्या गोतावळ्याचे असले तरी आईवाचून वाढणाऱ्या या मुलावर वडिलांच्या कलेचा खोल संस्कार झाला. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी वास्तुकलेच्या शाखेत प्रवेश घेतला. चित्र भिंतीवर टांगता येते, पण भिंतच चांगली असावी लागते, हा विचार त्या वेळी त्यांच्या मनात असो वा नसो, चित्रकाराच्या मुलाने घरे बांधण्याची विद्या पत्करली खरी.

त्या शाखेचे प्रमुख क्लॉड बॅटली नावाचे इंग्रज गृहस्थ होते. मुंबई सेंट्रल स्थानकाची इमारत ही त्यांचीच कृती. जुनी देवळे, वाडे आणि हवेल्या प्रत्यक्ष पाहून, फीत लावून, त्यांची मोजमापे घेऊन चित्रे काढावयास ते विद्यार्थ्यांना लावीत. परदेशी राजवटीतील शाळेत परदेशी शिक्षकाने भारतीय मुलांना भारतीय इमारती पाहावयास शिकवावे, हा योग थोडा विलक्षणच म्हणावयाचा. पण बॅटली यांचे या देशातील जुन्या बांधकामावर मनापासून प्रेम होते.

कानविंदे शिकून बाहेर पडले तेव्हा दुसरे महायुद्ध पेटलेले होते. १९४२ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली होती आणि तिचे सूत्रधार डॉ. शांतिस्वरूप भटनागर देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळा उभारण्याची स्वप्ने पाहत होते. प्रयोगशाळा बांधणे हे देऊळ किंवा कचेरी बांधण्यासारखे काम नव्हे. तेथे प्रत्येक मेजापर्यंत पाणी, वीज आणि इंधनवायू यांच्या नळ्या न्याव्या लागतात. विषारी वाफा बाहेर काढाव्या लागतात. नाजूक तराजू हलू नये म्हणून जमिनीचा कंप थांबवावा लागतो. आणि आज एका कामासाठी आखलेली खोली उद्या दुसऱ्या कामासाठी पालटून घेता यावी लागते. असे काम जाणणारे लोक आपल्याकडे फार थोडे होते. म्हणून सरकारने निवडक तरुणांना परदेशी धाडले आणि त्यांत कानविंदे यांची निवड झाली. १९४५ च्या सुमारास ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले.

तेथे त्यांना गुरू लाभले ते वॉल्टर ग्रोपियस. या गुरूंची कथा थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. ग्रोपियस हे जर्मन. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, त्यांनी वायमार या गावी बाउहाउस नावाची एक शाळा काढली. सुतार, कोष्टी, कुंभार, चित्रकार आणि वास्तुशिल्पी यांनी एका छपराखाली शिकावे, यंत्राने तयार होणाऱ्या वस्तूही सुबक असाव्यात आणि सामान्य माणसाला परवडाव्यात, असा त्या शाळेचा हेतू होता. इमारतीला बाहेरून नक्षी चिकटवू नये. तिचे रूप तिच्या उपयोगातून यावे, असा तिचा आग्रह असे. नाझी राजवटीला ही शाळा सलू लागली आणि १९३३ साली ती बंद पडली. ग्रोपियस यांनी त्याआधीच तेथील संचालकपद सोडले होते. १९३४ साली ते इंग्लंडला गेले आणि १९३७ साली हार्वर्डला अध्यापक म्हणून आले.

अमेरिकेत आल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक घर बांधले. हार्वर्डपासून काही मैलांवर लिंकन नावाचे खेडे आहे. तेथे सफरचंदाच्या बागेतील एका टेकाडावर १९३८ साली हे घर पुरे झाले. त्याच्या जवळच वॉल्डन नावाचे तळे आहे. याच तळ्याच्या काठी १८४५ साली हेन्री डेव्हिड थोरो या लेखकाने स्वतःच्या हातांनी दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी एक झोपडी बांधली होती आणि तीत दोन वर्षे राहून, माणसाला जगण्यास किती थोडे पुरते, याचा शोध घेतला होता. महात्मा गांधींनी ज्याचे लेखन आदराने वाचले, तोच हा थोरो.

ग्रोपियस यांचे घर आता सर्वांना पाहण्यासाठी खुले आहे. लांबून पाहिले तर ते एका पांढऱ्या पेटीसारखे दिसते. छप्पर सपाट, खिडक्या आडव्या आणि लांबरुंद; नक्षीचा कोठे मागमूस नाही. एवढ्यावरून हे घर कोठेही उचलून ठेवता येईल असे वाटते. पण जवळ जाऊन पाहावे, तो निराळेच दिसते. भिंती लाकडाच्या फळ्यांच्या आहेत, कारण त्या भागातील शेतकऱ्यांची जुनी घरे लाकडीच असतात. पायथ्याला शेतातील दगड वापरले आहेत. दक्षिणेकडील मोठ्या खिडकीवर छपराचा पट्टा असा पुढे काढला आहे, की उन्हाळ्यातील उंचावरचा सूर्य आत डोकावू शकत नाही आणि हिवाळ्यातील कललेल्या सूर्याचे ऊन मात्र थेट खोलीत येते. घराच्या मागील अंगास जाळीने वेढलेली एक ओसरी आहे. ती घराला चिकटून लांबवर न बांधता काटकोनात बाहेर काढली आहे. त्यामुळे आतल्या खोल्यांत अंधार होत नाही, दोन्ही बाजूंचा वारा मिळतो आणि डास आत येत नाहीत. ग्रोपियस यांना बारा वर्षांची एक मुलगी होती. तिच्यासाठी बाहेरच्या बाजूने एक गोल लोखंडी जिना बांधला आहे. थोरामोठ्यांच्या बैठकीतून न जाता तिला आपल्या मैत्रिणींसह थेट वरच्या गच्चीवर जाता यावे, म्हणून ही सोय. बारा वर्षांच्या मुलीचा इतका विचार करणारे घर त्या काळी विरळाच असेल.

घर बांधण्यापूर्वी ग्रोपियस आणि त्यांच्या पत्नी यांनी त्या प्रांतात हिंडून तेथील जुनी घरे पाहिली होती. तेथील हवा कशी, लोक लाकूड कसे वापरतात, ओसरी कोठे काढतात, हे त्यांनी ध्यानात घेतले होते. परक्या देशात आश्रयाला आलेल्या त्या जगप्रसिद्ध माणसाने खेड्यातील सुतारांपासून शिकण्यात कमीपणा मानला नाही. मात्र ग्रोपियस यांच्या शिष्यांपैकी पुष्कळांनी त्यांची पांढरी पेटी तेवढी उचलली आणि त्या पेटीमागील हे हिंडणे-पाहणे मागेच ठेवले. ठिकठिकाणच्या उष्ण देशांत सपाट छपराच्या आणि काचेच्या भिंतींच्या ज्या इमारती पुढे उभ्या राहिल्या आणि ज्यांत बसणे जिवावर येते, त्यांचे मूळ या विसरण्यात आहे.

१९४७ साली, देश स्वतंत्र होत असताना, कानविंदे स्वदेशी परतले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुशिल्पी म्हणून त्यांच्याकडे काम आले. तिशी नुकतीच ओलांडलेल्या तरुणाच्या हाती नव्या राष्ट्राच्या विज्ञानमंदिरांचे आराखडे यावेत, ही गोष्ट त्या काळातच शक्य होती. अहमदाबादेत डॉ. विक्रम साराभाई यांच्या प्रेरणेने कापडगिरण्यांसाठी संशोधनसंस्था निघाली होती. तिची इमारत कानविंदे यांनी रचली. तेथीलच भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची इमारतही त्यांची. तिची कोनशिला १९५२ साली सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हस्ते बसविण्यात आली. या इमारती सरळ रेषांच्या, सपाट छपराच्या आणि नक्षीचा मोह टाळणाऱ्या होत्या. कमानी, घुमट आणि नक्षीदार खांब यांना सरावलेल्या डोळ्यांना त्या कोऱ्या कागदासारख्या वाटल्या असतील, पण तरुणांना त्यांत नव्या युगाची चाहूल लागली.

१९५५ साली सरकारी नोकरी सोडून कानविंदे यांनी शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःची संस्था सुरू केली.

त्या सुमारास देशात एक मोठा वाद माजला होता. स्वतंत्र भारताने आपल्या इमारती कशा बांधाव्यात? एक पक्ष म्हणे, की आपल्या पूर्वजांची शिखरे, घुमट आणि कमानी यांतच आपली ओळख आहे. बंगळूरचे विधानसौध त्याच सुमारास पुरे झाले होते आणि दिल्लीच्या विज्ञानभवनाच्या दर्शनी भागावर बौद्ध चैत्याची कमान बसविली होती. दुसरा पक्ष म्हणे, की सिमेंट आणि पोलाद यांच्या युगात दगडी कमानीचे सोंग घेणे म्हणजे पूर्वजांची थट्टा करणे होय; त्यांनी त्यांच्या काळाला साजेसे बांधले, आपण आपल्या काळाला साजेसे बांधावे. १९५९ च्या मार्च महिन्यात ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर एक परिसंवाद भरविला. त्याच्या आयोजनात कानविंदे प्रमुख होते आणि त्याचा वृत्तान्तही त्यांनीच संपादित केला. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी उद्घाटन केले. चंडीगढ शहर कोणाला आवडो वा न आवडो, ते माणसाला विचार करावयास लावते, हे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. वादाचा निकाल अर्थातच लागला नाही. असे वाद सभागृहात मिटत नसतात.

कानविंदे दुसऱ्या पक्षाचे होते, यात संशय नाही. पण उत्तर भारतातील ऊन हा त्यांना भेटलेला तिसरा पक्ष होता आणि तो कोणाचेच ऐकत नव्हता. ज्या देशात हिवाळ्यात सूर्य दुर्मिळ होतो, तेथे मोठी खिडकी हे वरदान ठरते. ज्या देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे तीच खिडकी खोलीची भट्टी करते. पावसाने सपाट छप्पर गळते, पांढऱ्या गिलाव्यावर काळे ओघळ उमटतात. कानविंदे यांचा मोठेपणा असा, की त्यांनी हे पाहिले आणि आपल्या कामात पालट केला. गुरूंनी शिकविलेला हिशेबी विचार त्यांनी सोडला नाही. त्या हिशेबात ऊन, धूळ आणि पाऊस यांचीही नोंद करावयास आरंभ केला.

हा पालट सर्वांत स्पष्ट दिसतो तो कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत. १९५९ साली ही संस्था सुरू झाली तेव्हा तिला स्वतःची जागादेखील नव्हती. दुसऱ्या एका तांत्रिक संस्थेच्या उपाहारगृहात तिचे वर्ग भरत. तिचे पहिले संचालक डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हे मराठी गृहस्थ होते. कानपूरपासून काही अंतरावर, कल्याणपूरनजीक, हजार एकरांहून अधिक सपाट माळ संस्थेला मिळाला आणि त्यावर अख्खे विद्यानगर रचण्याचे काम कानविंदे यांच्याकडे आले. एक मराठी माणूस संस्थेला आत्मा देत होता आणि दुसरा शरीर, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

त्या माळावर उन्हाळ्यात लू वाहते. लू म्हणजे भाजून काढणारा पश्चिमेचा वारा. पावसाळ्यात तेथेच चिखल होतो. अशा जागी विद्यार्थ्यांनी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जावे कसे? कानविंदे यांनी आधी इमारती न आखता या चालण्याचा विचार केला. व्याख्यानगृहे, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि अध्यापकांच्या खोल्या त्यांनी एकमेकींच्या जवळ मांडल्या आणि छत असलेल्या उंच मार्गिकांनी जोडून टाकल्या. मोटारींचे रस्ते बाहेरून फिरविले. आतला भाग पायी चालणाऱ्यांसाठी राखला. इमारतींच्या मधोमध अंगणे आणि झाडे ठेवली. मार्गिकेच्या सावलीतून जाता जाता रसायनशास्त्राचा विद्यार्थी स्थापत्याच्या विद्यार्थ्याला भेटावा, दोघांनी घटकाभर थांबून बोलावे, हेही त्यांच्या हिशेबात होते. गिलावा त्यांनी जवळजवळ टाकूनच दिला. काँक्रीटचा सांगाडा उघडा ठेवला आणि मधल्या भिंती लाल विटांच्या केल्या. गंगेच्या गाळाची माती उत्तम वीट देते. कोकणात जसा जांभा, तशी तेथे वीट. तिला रंग द्यावा लागत नाही आणि जुनी झाली तरी ती विद्रूप दिसत नाही. येथील अनुभवावर आधारलेला विचार पुढे १९६९ साली त्यांनी जेम्स मिलर यांच्यासह लिहिलेल्या, भारतातील विद्यापीठ-परिसरांविषयीच्या ग्रंथात मांडला गेला.

यानंतरची एक इमारत फार मनोवेधक आहे आणि ती आहे एक दूधकारखाना. गुजरातमधील मेहसाणा येथील दूधसागर दुग्धालय १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बांधले गेले. हजारो शेतकऱ्यांच्या घरचे दूध येथे रोज येते. ते तापवावे लागते, निववावे लागते, त्याची भुकटी करावी लागते. या सर्व कामांत आत प्रचंड उष्णता आणि वाफ होते. ती जावी कोठे? कानविंदे यांनी छपरावर उंच, तिरप्या तोंडाच्या झरोक्यांची रांगच उभी केली. गरम हवा आपल्या स्वभावानेच वर जाते आणि या झरोक्यांतून बाहेर पडते. दुरून पाहणाऱ्याला तो कारखाना एखाद्या किल्ल्यासारखा भासतो. पण त्यातील एकही बुरूज शोभेसाठी नाही. कोकणातील स्वयंपाकघराच्या कौलांतून जसा धूर निघून जातो, तशीच तेथील वाफ निघून जाते. फरक आहे तो आकाराचा आणि काँक्रीटचा.

महाराष्ट्रातही त्यांच्या कामाच्या खुणा आहेत. पुण्यात कोंढव्याच्या बाजूस असलेले राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेचे आवार त्यांच्या संस्थेने रचले. मुंबईत वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्राची इमारतही त्यांचीच. ते केंद्र १९८५ साली खुले झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान केंद्राचे उद्घाटन १९९२ साली झाले. भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले आणि देशातील वास्तुशिल्प्यांच्या संस्थेने त्यांना आपले अध्यक्षपद दिले.

आयुष्याच्या उत्तरार्धात, ज्या माणसाने घुमट आणि शिखरे यांना सतत नकार दिला होता, त्याच्याकडे दिल्लीतील इस्कॉनच्या राधाकृष्ण मंदिराचे काम आले. ते मंदिर १९९८ साली उघडले. त्याला शिखरे आहेत. तरुणपणीच्या कानविंदे यांना ती रुचली असती की नाही, यावर त्यांच्या चाहत्यांत आजही मतभेद होऊ शकतात. परंतु देवळाला शिखर असावे असे भाविकांना वाटते, आणि वास्तूचे रूप तिच्या उपयोगातून यावे हा नियम तर ते जन्मभर पाळत आले होते.

२००२ च्या डिसेंबर महिन्यात कानविंदे यांचे निधन झाले. त्या वेळी ते ८६ वर्षांचे होते. कानपूरच्या संस्थेतील ग्रंथालयाला आज डॉ. केळकरांचे नाव आहे. त्या ग्रंथालयाकडे जाणाऱ्या मार्गिकेच्या सावलीतून उन्हाळ्याच्या भर दुपारीही विद्यार्थी बोलत बोलत जात असतात.